बशीच्या तळाची खूण

चिनी मातीची बशी उलटी केली की तळाशी बहुधा कारखान्याची खूण दिसते. जर्मनीतील माइसेनच्या कारखान्याची (स्थापना १७१०) खूण म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी. सॅक्सनीच्या राजचिन्हातून घेतलेली ही खूण १७२२ च्या सुमारास वापरात आली.

ती निळीच का? पहिल्या भाजणीनंतर भांडे सच्छिद्र असते. त्यावर कोबाल्टच्या रंगाने खूण काढतात, झिलई चढवतात आणि सुमारे १४०० अंश सेल्सिअसला पुन्हा भाजतात. एवढ्या उष्णतेत बहुतेक रंग टिकत नाहीत, कोबाल्ट टिकतो. झिलई वितळून काचेसारखी होते व खूण तिच्याखाली बंदिस्त होते. म्हणून ती बोटाला लागत नाही. झिलईवर मागाहून रंगवलेली खूण मात्र बहुधा हाताला जाणवते.

बारकाव्यांवरून काळही कळतो. मुठींच्या मधोमध टिंब असेल तर साधारण १७६३ ते १७७४; तारा असेल तर १७७४ ते १८१४. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतर रूढ झाले. टिंबाच्या खुणेशेजारी ते दिसले, तर शंका घ्यावी.

मात्र इतर कारखान्यांनीही अशा तलवारी काढल्या, त्याही झिलईखाली! तेव्हा खूण हा केवळ एक पुरावा. मातीचा रंग, घडण आणि चित्रकाम यांची साक्ष तिच्याशी जुळली, तरच निष्कर्ष काढावा. घरातल्या कपबश्या उलट्या करून विद्यार्थ्यांना ही तपासणी सहज करता येईल.