पाणी किती भार सोसते?

भरलेली बादली विहिरीच्या पाण्यात असेपर्यंत हलकी लागते. बाहेर येताच दोराला ओढ बसते. हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांचा आहे. बादलीचे वजन बदललेले नसते. पाण्याचा आधार तेवढा सुटतो. या आधाराला प्लावक बल म्हणतात.

पाणी जितके खोल, तितका त्याचा दाब अधिक. म्हणून बुडालेल्या वस्तूला खालून बसणारा रेटा वरच्या रेट्याहून मोठा असतो, आणि हा फरक तिला वर ढकलतो. तो किती, हे आर्किमिडीजने सुमारे २२०० वर्षांपूर्वी सांगितले : वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका. लोखंडी खिळा आपल्या वजनाइतके पाणी सारू शकत नाही, म्हणून बुडतो. त्याच लोखंडाची परात तरते.

आता हिशेब करू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ४ मीटर लांब, १ मीटर रुंद, ४० सेंटिमीटर खोल अशी पेटीसारखी नाव घ्या. ती दर सेंटिमीटरला ४० किलो भार पेलते. तिचे स्वतःचे वजन ४०० किलो असेल, तर रिकामी नाव १० सेंटिमीटर बुडते. साठ किलोची दहा माणसे बसली की काठ पाण्यावर १५ सेंटिमीटर उरतो. पंधरा बसली तर साडेसातच. मग साधी लाटही आत येते, आलेले पाणी भार वाढविते, माणसे घाबरून एका अंगाला उभी राहतात आणि नाव कलंडते.

वर्धा नदी ही आमच्या यवतमाळ जिल्ह्याची पूर्वेकडील सीमा. तिच्याच वरच्या अंगाला, अमरावती जिल्ह्यात झुंज येथे, १४ सप्टेंबर २०२१ रोजी नाव उलटून ११ माणसे गेली. तेव्हा हा हिशेब केवळ पुस्तकातला नव्हे.

इंग्लंडात एकेकाळी मालक जहाजे खच्चून भरीत आणि खलाशी बुडत. पार्लमेंटचे सभासद सॅम्युएल प्लिमसोल यांच्या लढ्यामुळे १८७६ साली जहाजावर भाररेषा काढणे कायद्याने बंधनकारक झाले. परंतु ती कोठे काढायची, हे मालकांच्याच हाती राहिले! ती पळवाट १८९० च्या कायद्याने बुजली. आम्ही कामगार चळवळीतील माणसे यातून एवढे शिकलो की, रेषा आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ती कोणी काढली तेही विचारावे.

आपल्या घाटावरील नावेलाही अशी रेघ असावी, आणि ती बसणाऱ्यांच्या देखत ठरावी. नावेत झाकण घट्ट बसविलेले १० लिटरचे रिकामे डबेही असावेत. असा एक डबा बुडत्या माणसाचे डोके पाण्यावर राखू शकतो. आणि रेघ पाण्याखाली गेलेली दिसली, तर घाई कितीही असो, आपण पुढच्या खेपेस जावे.