लहान आतड्यातील जंतूंची दाटी

पोटात जंतू असणे हा आजार नव्हे. मोठ्या आतड्यात ते अब्जावधींनी राहतात आणि आपल्या उपयोगीही पडतात. त्यांनी लहान आतड्यात येऊन ठाण मांडले, म्हणजे आजार सुरू होतो.

लहान आतडे सुमारे २० फूट लांब असते. अन्नातील सत्त्व रक्तात जाते ते मुख्यतः येथूनच. म्हणून तेथे गर्दी होऊ नये अशी व्यवस्था शरीराने ठेवली आहे. जठरातील आम्ल बरेचसे जंतू मारते. पोट रिकामे असताना दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट वरून खाली जाते आणि उरलेसुरले पुढे लोटते. गिरणीत पाळी संपली की खाते झाडून काढतात, तसेच हे. दोन्ही आतड्यांच्या सांध्यावरील झडप मागे फिरण्याची वाट अडवते.

ही झाडलोट थांबली की घोटाळा होतो. जुन्या मधुमेहाने आतड्याच्या नसा दुबळ्या होतात, शस्त्रक्रियेनंतर एखादा भाग आडबाजूला राहतो, किंवा आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या जातात. मग जंतू माजतात. साखर आणि पिष्ट आपल्याआधी तेच खातात. त्यातून वायू होतो, पोट फुगते, जुलाब होतात. ते पित्तातील क्षार मोडतात, म्हणून तेल-तूप पचत नाही आणि त्याबरोबर अ व ड जीवनसत्त्वेही वाया जातात. ब-१२ तर ते स्वतःच फस्त करतात. मग पंडुरोग होतो, हातापायांना मुंग्या येतात. अरुंद झालेले आतडे आणि पंडुरोग यांची सांगड डेन्मार्कच्या क्नूड फाबर यांनी १८९७ सालीच दाखवली होती. ब-१२ हाती आले १९४८ साली. कोडे उलगडले ते त्यानंतर.

तपासणी सोपी आहे. ग्लुकोजचे पाणी पाजून श्वासातील हायड्रोजन मोजतात. हा वायू आपले शरीर करीत नाही, जंतू करतात. उपचार जंतुनाशक औषधांचा. पण मूळ कारण राहिले तर दुखणे उलटते. शिवाय पोट फुगण्याची कारणे अनेक असतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध घेऊ नये.

आता माझ्या कामाशी संबंधित गोष्ट. ढाक्याच्या मीरपूर वस्तीतील दोन वर्षांच्या ९० मुलांची अशी तपासणी झाली. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. १५ मुलांत ही दाटी आढळली. त्यांना वारंवार जुलाब होत होते असे नाही. मात्र जन्मापासून ज्यांची उंची मागे पडत गेली आणि ज्यांच्या घराबाहेर उघडे गटार होते, अशांत ती अधिक होती. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण इशारा स्पष्ट आहे. महागाईभत्त्याची बोलणी करताना आम्ही घराला किती धान्य लागते ते मांडतो. ते धान्य मुलाच्या अंगी लागते की नाही, हे मात्र विचारीत नाही. म्हणून भत्त्याच्या मागणीखाली गटार बांधून झाकण्याची मागणीही लिहिली पाहिजे, आणि ती नगरपालिकेकडे नेण्यासाठी आपण सर्वांनी सोबत यावे, एवढीच विनंती.