एकाच मेंदूची दोन चित्रे

हेल्गा रेफ्सुम हे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे नसेल. परंतु स्मृतिभ्रंशाचा सुगावा मेंदूच्या चित्रणातून आधीच लागतो किंवा कसे, या प्रश्नाचा अनेक वर्षे छंद जडलेल्या मला ज्या ज्या निबंधाने थांबवले, त्याच्या लेखकांत या नॉर्वेजियन विदुषीचे नाव बहुधा आढळले, आणि त्यांतला एक निबंध तर आपल्या पुण्याचाच निघाला.

१९९८ साली ऑक्सफर्डचे रॉबर्ट क्लार्क, डेव्हिड स्मिथ, रेफ्सुम आणि त्यांचे सहकारी यांनी असे प्रसिद्ध केले की, अल्झायमरच्या रुग्णांच्या रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढलेले, आणि ते आटोक्यात ठेवणारी बी-१२ व फोलेट ही जीवनसत्त्वे घटलेली असतात. आणि ज्यांचे होमोसिस्टीन आरंभी अधिक होते, त्यांच्या सीटी-चित्रांत तीन वर्षांत ऱ्हासही अधिक दिसला. पुढे २००१ साली याच रेफ्सुम यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यासमवेत २७ ते ५५ वर्षे वयाच्या २०४ स्त्रीपुरुषांचे रक्त तपासले. त्यांत मधुमेही होते, हृद्रोगी होते, निरोगीही होते. तरी बी-१२ची उणीव ४७ टक्क्यांत आणि होमोसिस्टीनची वाढ ७७ टक्क्यांत निघाली, आणि तीही केवळ शाकाहाऱ्यांत नव्हे. हा तपशील मी प्रथम वाचला तेव्हा ऑक्सफर्डमधील प्रश्न खरा आपल्या घरचा आहे, अशी माझी खात्री झाली.

मेंदूत साचणारे अमिलॉइड जिवंतपणी दाखवणाऱ्या पेट-चित्रणाची हकीकत २००४ पासून पुष्कळ सांगितली गेली आहे. ती येथे उगाळत नाही. मला मोलाची वाटते ती साध्या एमआरआयची एक युक्ती. एकाच माणसाची, मध्ये ठरावीक मुदत ठेवून घेतलेली दोन चित्रे संगणक एकमेकांवर तंतोतंत बसवतो आणि मेंदूची कड किती आत सरकली ते मोजतो. २०१० साली स्मिथ व रेफ्सुम यांच्या चमूने सत्तरीपुढील, किंचित स्मृतिदोष असलेल्या १६८ ऑक्सफर्डकरांवर ती लावली. दोन वर्षे बी-जीवनसत्त्वे घेणाऱ्यांचा मेंदू वर्षाला ०.७६ टक्के आक्रसला, तर लटकी गोळी घेणाऱ्यांचा १.०८ टक्के, आणि होमोसिस्टीन लिटरमागे १३ मायक्रोमोलच्या वर असणाऱ्यांत तर ऱ्हास ५३ टक्क्यांनी मंदावला. २०१३ साली त्याच चित्रांच्या फेरतपासणीत असे आढळले की, अल्झायमर जेथे प्रथम घाला घालतो त्या भागांतील हानी काही ठिकाणी सातपटीपर्यंत घटली होती.

यानंतर तंटा उद्भवला. पुण्याचा निबंध ज्या अमेरिकन नियतकालिकात आला होता त्याच नियतकालिकात, २०१४ साली, १९९८च्या निबंधाचे पहिले लेखक क्लार्क यांनीच अकरा चाचण्यांतील सुमारे २२,००० जणांचा हिशेब मांडून फैसला दिला की, ही जीवनसत्त्वे बुद्धीचा ऱ्हास रोखत नाहीत. एके काळच्या सहलेखकांनी उलट कैफियत मांडली: ज्यांची बुद्धी मुळी घसरतच नव्हती त्यांना औषध देऊन घसरण थांबली का, हे कसे कळणार? माझ्या मते हा आक्षेप बिनतोड आहे. तथापि १६८ जणांच्या एका प्रयोगावर सर्वांना गोळ्या वाटू नयेत, हा क्लार्क यांचा सावधपणाही मी सोडणार नाही.

इकडे आमच्या वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे)हून मेंदूच्या चित्रणासाठी माणसे सेवाग्रामला, सावंगीला नाहीतर नागपूरला जातात. आजोबांचा विसर हा म्हातारचळ म्हणून सोडून दिला जातो, आणि जेव्हा कोणी धाव घेते तेव्हा पहिल्याच चित्रात सर्व निकाल लागेल अशी अपेक्षा असते. पण आरंभीच्या अवस्थेत एकच चित्र निःसंदिग्ध साक्ष देईलच असे नाही. गती समजण्यासाठी दुसरे चित्र लागते. शिवाय बी-१२च्या उणिवेनेही स्मृती मंदावते आणि वेळीच भरपाई केल्यास ती सुधारू शकते. म्हणून माळकरी घरातील, दूधही बेताचेच पोटात जाणाऱ्या वृद्धाची रक्ततपासणी चित्रणाआधी किंवा निदान त्याच्यासोबत व्हावी, असे मी आग्रहाने म्हणतो.

ऑक्सफर्डच्या प्रयोगात माणसे ऑक्सफर्डची होती. ज्यांच्यात उणीव सर्वाधिक असावी, ती नव्हती. पुण्याच्या त्या २०४ जणांपैकी जे हयात आहेत त्यांतील सर्वांत तरुणांनीही आज पन्नाशी ओलांडली आहे आणि ज्येष्ठ ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या आणि वर्धा-नागपूरकडच्या त्याच वयाच्या लोकांच्या मेंदूंची चित्रे, रक्ताच्या नोंदीसह, दोन वर्षांच्या अंतराने दोनदा घेतली गेली पाहिजेत, आणि हे काम महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांनी करावयाचे आहे.