विश्लेषण : अंगावरून वारे गेले, आता कोणत्या डॉक्टरकडे? न्यूरॉलॉजिस्ट नेमके काय करतात?

सकाळी हातातून चहाचा कप निसटतो, तोंड वाकडे होते, शब्द अडखळतात. ‘अंगावरून वारे गेले’ म्हणत घरचे तेल चोळायला घेतात. पक्षाघात असेल, तर बिघाड हातात नसतो, मेंदूत असतो. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला.

न्यूरॉलॉजिस्ट की न्यूरोसर्जन?

हा घोळ नेहमीचा. न्यूरॉलॉजिस्ट हे मेंदू, मज्जारज्जू, मज्जातंतू आणि स्नायूंच्या आजारांवर औषधोपचार करतात. एमडीनंतर डीएम केलेले. कवटी उघडण्याचे काम न्यूरोसर्जनचे, म्हणजे एमसीएच झालेल्यांचे.

न्यूरॉलॉजिस्टचा पहिला प्रश्न साधा असतो : रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला? झोपेतून उठतानाच त्रास दिसला, तर वेळ रात्रीपासून मोजतात. उजवा हात लुळा आणि बोलणेही गेले, तर बिघाड बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला, हे स्कॅनआधीच कळते.

मग स्कॅन कशासाठी?

गुठळी की रक्तस्राव, हे नुसत्या तपासणीत खात्रीने सांगता येत नाही. सीटी स्कॅनमध्ये ताजा रक्तस्राव पांढरा दिसतो. तिथे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले तर जिवावर बेतू शकते. न्यूरोसर्जनला बोलवावे लागू शकते. गुठळी असेल तर हेच इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. गंमत म्हणजे, गुठळीच्या रुग्णाचा सुरुवातीचा सीटी जवळपास नॉर्मलही दिसू शकतो. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला की घरी जायचे, असे नाही.

मोठी गुठळी जांघेतून नळी घालून ओढून काढतात, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. हे काम त्याचे खास प्रशिक्षण घेतलेले न्यूरॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन यांपैकी कोणीही करते. इथे पदव्यांच्या हद्दी पुसट होतात. गुठळी अनियमित ठोक्यांमुळे हृदयात तयार झाली असेल, तर पुढे हृदयरोगतज्ज्ञ लागतात. हात आणि बोलणे परत आणायला फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट.

घरच्यांनी काय करावे?

न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा. सीटी स्कॅन आणि गुठळीचे इंजेक्शन या दोन्ही सोयी चोवीस तास कुठे आहेत, हे विचारून थेट तिथेच न्यावे. तोंडातून पाणी, गोळी काही देऊ नये. आणि रुग्ण शेवटचा ठीक दिसल्याची वेळ कागदावर लिहून सोबत घ्यावी.