विंडोजवरून लिनक्सवर जाताय? आधी जुन्या मराठी फाइली उघडून बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. पैठणला आमच्या घरचा लॅपटॉप सहाव्या पिढीच्या आय-थ्रीचा, त्यामुळे विंडोज ११ च्या यादीत तो बसतच नाही. नवा घेण्यापेक्षा मी त्यावर लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं.

रोजच्या सॉफ्टवेअरचा प्रश्न तासाभरात सुटला. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मिंटसोबतच येतात. व्हीएलसी तिथल्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून मिळतं. व्हॉट्सअ‍ॅपचं लिनक्ससाठी वेगळं अधिकृत अ‍ॅप नाही, पण ब्राउझरमध्ये व्हॉट्सअ‍ॅप वेब चालतं. लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या फाइली उघडतात, फक्त कधी कधी मांडणी हलते. म्हणून कॉलेजला पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवा.

खरी गंमत पुढे झाली. मामांनी नाथषष्ठीसाठी बरीच वर्षं टाइप करून ठेवलेली भारुडं उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला! फाइल बिघडली नव्हती. ती कृतीदेव फॉन्टमध्ये होती.

असं का होतं? कृतीदेवसारखे जुने फॉन्ट म्हणजे एक प्रकारचा मुखवटा. स्क्रीनवर 'क' दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेला असतो इंग्रजी डी. मुखवटा निघाला की डी दिसणारच. तुमच्या मोबाइलवरचं मराठी युनिकोडमध्ये असतं. तिथे 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो, म्हणून तो कुठल्याही फोनवर वाचता येतो आणि सर्चमध्येही सापडतो.

जुना फॉन्ट लिनक्सवर टाकला तर मजकूर दिसेल. पण त्यात शोधता येणार नाही, आणि कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की पुन्हा तोच काला. त्यामुळे कन्व्हर्टर वापरून युनिकोड करून घ्या, आणि हे काम विंडोज पुसण्याआधी करा. मूळ फाइली पेनड्राइव्हवर वेगळ्या ठेवा. कन्व्हर्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पहिली वेलांटी, रफार आणि 'दुसऱ्या'मधला ऱ्या हमखास चुकतो. मी मामांना शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचून घेतली. दोन रविवार गेले.

आता टायपिंग. फोनवर आपण इंग्रजी स्पेलिंग ठोकतो आणि कीबोर्ड अंदाज बांधतो. मिंटमध्ये आयबस आणि त्यातलं आयट्रान्स बसवलं तर इंग्रजी अक्षरांतूनच मराठी लिहिता येतं, पण ते अंदाज बांधत नाही. 'पैठण' लिहायला ठ आणि ण, दोन्हींसाठी शिफ्ट दाबावं लागतं. पहिले चार दिवस चिडचिड होते. सवय बदलायचीच आहे, तर माझं मत इनस्क्रिप्ट शिकण्याकडे आहे. ते विंडोज, लिनक्स, दोन्हीकडे सारखंच असतं.

घरात कुणाचं पोट टॅली, फोटोशॉप किंवा कोरलड्रॉवर चालत असेल, तर विंडोज काढू नका. यांपैकी एकाचीही लिनक्स आवृत्ती मिळत नाही. पर्यायी सॉफ्टवेअर आहेत, पण लग्नसराईत गिऱ्हाईक समोर उभं असताना ते शिकायला वेळ कुणाला आहे?

बाकीच्यांनी आधी पेनड्राइव्हवरून मिंट 'लाइव्ह' चालवून बघा. यात हार्डडिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा आणि घरातली सगळ्यात जुनी मराठी फाइल उघडा.