वाट बघणारं जहाज, पळून जाणारं जहाज

माझा प्रबंध युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या कादंबऱ्यांवर आहे. त्यातलं विज्ञानकथांचं प्रकरण लिहिताना महिनाभर मी एकाच पुस्तकापाशी अडकलेय. जो हाल्डमनचं 'फॉरएव्हर फ्री', 1999 सालचं. 'द फॉरएव्हर वॉर' (1974) या गाजलेल्या कादंबरीचा हा पुढचा भाग. गाईड म्हणतात, "पहिलं घ्या, दुसरं सोडून द्या, ते कमकुवत आहे." आहेच कमकुवत. पण सोडवत नाही. का, ते सांगते. (दोन्ही पुस्तकांचे शेवट फुटणार आहेत, आधीच सांगून ठेवलं.)

हाल्डमन भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र शिकलेला माणूस. सक्तीच्या भरतीत व्हिएतनामला गेला आणि 1968 मध्ये जखमी झाला. त्याचा नायक विल्यम मँडेला (आडनावातली अक्षरं जरा हलवून बघा, लेखकाचंच नाव जवळजवळ निघतं) ताऱ्यांपलीकडे टॉरन नावाच्या परग्रहवासीयांशी लढायला जातो. प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणाऱ्या जहाजात वेळ हळू चालतो. त्यामुळे त्याची काही वर्षं जातात तेव्हा पृथ्वीवर शतकं उलटतात. पहिल्या खेपेला परत येतो तर आई म्हातारी झालेली, जग ओळखू न येणारं. करमत नाही म्हणून तो पुन्हा सैन्यातच जातो. हा मधला भाग फार निराशाजनक आहे म्हणून 'अ‍ॅनालॉग' मासिकाच्या संपादकांनी, बेन बोव्हांनी, नाकारला होता. घरी परतणंच तेवढं छापायला नको होतं!

पहिल्या पुस्तकाचा शेवट मात्र गोड आहे. हजाराहून जास्त वर्षांनी मँडेला परततो तेव्हा त्याच्यासाठी एक जुनं पत्र असतं, मेरीगेचं. हे नाव लेखकाच्या बायकोचं, माहेरच्या आडनावासकट. तिने आणि काही माजी सैनिकांनी मिळून एक जुनं जहाज विकत घेतलंय. 'मिडल फिंगर' या ग्रहावरून पाच प्रकाशवर्षं जायचं आणि परत यायचं, बस. ग्रहावर दहा वर्षं जातात तेव्हा तिचं वय महिनाभराने वाढतं. प्रवासाला नाही, नुसती वाट बघायला जहाज!

आता पुढचा भाग. दोघं त्याच थंडगार ग्रहावर राहतायत, बिल आणि सारा ही दोन मुलं मोठी झालीयत. बाकीची माणूसजात एव्हाना एकमेकांच्या प्रती असलेल्या, एकाच सामायिक मनाच्या माणसांची झालीय. या जुन्या पद्धतीच्या माणसांना त्यांनी ठेवलंय ते राखीव बियाणासारखं. खायला-प्यायला आहे, कुणी मारत नाही. तरी हे म्हातारे सैनिक ठरवतात काय, तर तेच जुनं जहाज घ्यायचं आणि दहा वर्षांच्या फेरीवर निघायचं. परत येऊ तेव्हा इथे चाळीस हजार वर्षं उलटलेली असतील.

इथे मी थबकले. हॉस्टेलच्या मेसमध्ये भौतिकशास्त्रातल्या मैत्रिणीला गणित घातलं, तिने वेग वाढवायला-कमी करायला लागणारा वेळ बाजूला ठेवून ते सोडवलं. दहा वर्षांचा महिना करायचा तर वेळ 120 पट आखडावा लागतो, आणि तेव्हा जहाज प्रकाशापेक्षा सेकंदाला सुमारे दहा किलोमीटर मागे असतं. चाळीस हजार वर्षांची दहा करायची तर 4,000 पट. मग जहाज मागे राहतं सेकंदाला साधारण नऊ मीटर, म्हणजे ताशी चौतीस किलोमीटर. प्रकाश आणि जहाज यांच्यात फरक किती, तर घाट चढणाऱ्या एसटीच्या वेगाएवढा!

माझ्यासाठी सगळी कादंबरी या दोन आकड्यांत आहे. जहाज तेच, युक्ती तीच. पंचवीस वर्षांपूर्वी लेखकाने ती कुणाची तरी गाठ पडावी म्हणून वापरली. आता वापरतो ती गाठ पडल्यावरही घर न वाटणाऱ्या घरातून निघून जायला, आणि यावेळी कितीतरी जास्त जोर लावून. मुलं झाली, संसार झाला, पण या माणसांचा काळ काही त्यांना परत मिळाला नाही. मधल्या भागातला तो 'करमत नाही' इथे पुन्हा वर आलाय.

पुढे पुस्तक घसरतं, हे कबूल. जहाजाचं इंधनच नाहीसं होतं, मंडळी अर्ध्यातून परततात तर ग्रहावर कुणीच नाही, नुसते कपडे पडलेले. मग अगदीच वरच्या पातळीवरची एक शक्ती येऊन खुलासा करते. बरेच वाचक इथे वैतागतात, मीही वैतागले. सैनिकांचा प्रश्न सैनिकांच्या हातात राहतच नाही.

पण तोवरची पानं मला प्रकरणात हवीत. काल सुरुवात बदलली, आता ती मेरीगेच्या जहाजापासून होते. गाईडना अजून दाखवलेली नाही.