कारवानी आणि पश्मी

बीड जिल्ह्यातील धारूर हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले आहे. मराठवाड्याच्या अशा उघड्या माळरानांत ससा दृष्टीस पडताच वाऱ्यासारखा सुटणारा सडपातळ कुत्रा म्हणजे कारवानी. निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि लांब पाय यांवरून तो तत्काळ ओळखू येतो. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, त्याचे पूर्वज पश्चिमेकडून आले असे मानतात.

कारवानीचे केस आखूड व गुळगुळीत असतात. पश्मीचा बांधा तोच. परंतु त्याच्या कानांवर, पायांवर व शेपटीवर रेशमासारखे लांब केस रुळतात. फारसीत ‘पश्म’ म्हणजे लोकर! कर्नाटकात मात्र कारवानीलाच ‘मुधोळ’ म्हणतात, कारण मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोपासना केली. २००५ साली टपाल तिकिटावर तो झळकला, तोही मुधोळ याच नावाने. मराठवाड्याचे नाव मागे राहिले, हे थोडे अन्यायाचेच झाले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला बंदी आली. कारवानीची तीक्ष्ण नजर व वेग शिकारीच्या कामातच पारखले जात. आता तो शेतवस्तीची राखण करतो. पिल्ले केवळ रूप पाहून निवडली, तर हे गुण पुढच्या पिढ्यांत ओसरत जातील.